लाइट गेली की तोंड मिटायचं

"शेठ, तुमच्या शेडमध्ये सगळ्यात जास्त शिव्या कोण देतं?"

तोंड माझं होतं, प्रश्न मसीरा आणि कस्तुरीचा. शाळेपासून क्षेत्रभेटीच्या यंत्रमाग कारखान्यापर्यंत आठवी ब दोनदोनच्या रांगेत चालत निघाली होती, आणि वाटेत या दोघींनी मागून माझी वेणी ओढत तो प्रश्न तयार केला होता.

"विचारून दाखव की," मसीरा म्हणाली. "वक्तृत्वात पहिली आल्यापासनं लई मिरवालीस."

"विचारतो की! भितो काय कुणाला?" मी म्हटलं. आमच्या इचलकरंजीत मुली-बायकासुद्धा येतो-जातोच म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.

"विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर माझ्या खांद्यावर," कस्तुरी म्हणाली. "न्हाई विचारलंस तर माझं तुझ्या."

कस्तुरीच्या दप्तरात गाईडंसुद्धा असायची. मी विचारलं.

शेठच्या ऑफिसमध्ये, सगळ्या वर्गासमोर. आमच्या बर्गे मॅडमनी माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की दोन दिवस तिथं निळं होतं. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण पप्पांना अजून रोज त्याच गल्लीतनं जावं लागतं. मालकांना सगळे सुकुमारशेठ म्हणायचे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळावर बारीक गंधाचा ठिपका आणि आवाज असा मऊ की समोरच्याला आपोआप पुढं वाकावं लागे. ते रागावले नाहीत. उलट खुर्चीतून उठले.

"नाव काय बाळ?"

"तेजल मुसळे."

"तेजल, तो बोर्ड वाच बघू. मोठ्यानं."

समोर शेडच्या दाराशेजारी निळ्या अक्षरात लिहिलं होतं. मी वक्तृत्वाच्या आवाजात वाचलं, "येथे अपशब्द बोलण्यास सक्त मनाई आहे."

"बाकीच्या शेडमधी जाऊन बघा," शेठ सगळ्या वर्गाला म्हणाले. "आई-बहीण काढल्याशिवाय तिथं मागाचा धोटा पुढं सरकत नाही. आमच्याकडं बायका काम करतात. कित्येक वर्षांत या शेडमध्ये मी माझ्या कानानं एक शिवी ऐकलेली नाही. आता तुम्ही आत जाणार. एक जरी शिवी ऐकू आली, तर सगळ्या वर्गाला माझ्याकडनं आइस्क्रीम."

पोरं ओरडली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी हसू दाबून खाली बघत राहिले, कारण शेठ अगदी खरं बोलत होते. त्या शेडमध्ये शिवी ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिथं काहीच ऐकू येत नाही. माग सुरू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त कोमट वारा लागतो.

हे मला ठाऊक होतं, कारण माझी आई त्याच शेडमध्ये होती. कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर आडवा इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. शेडच्या कोपऱ्यात कांड्यांचं मशीन होतं आणि त्याच्यापुढं आई दिवसभर उभी असायची.

आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "उद्या आलीस तरी माझ्याकडं बघू नको. मी कामात असतो."

"का? माझी लाज वाटती व्हय?"

"तुला वाटंल म्हणून म्हणालो," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. मागावरची माणसं ओठांनी बोलतात. आवाज न काढता, नुसतं तोंड हलवून. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला विचारतो, आज डब्यात काय आणलंस, आणि तिकडून उत्तर येतं, वांगं. पप्पाही मागावरच, दुसऱ्या शेडमध्ये. त्यामुळं आमच्या घरात एक पद्धत होती. माझ्यापासून काही लपवायचं असलं की पप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि दोघं माझ्या डोक्यावरून ओठांनी बोलायचे. हप्ता राहिलाय. आत्तीच्या नवऱ्यानं परत पिऊन तमाशा केला. हिला सायकल घ्यायची का. मी दुसरीत होते तेव्हापासून मला ते वाचता येत होतं. सायकलीचं मला त्यांच्या आधी कळलं होतं. असली विद्या कोण सांगत बसतं?

शेडमध्ये शिरलो तेव्हा मुलांनी कानांवर हात ठेवले. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, पायाखालची फरशी थरथरत होती. शेठ पुढं चालत होते, मागाकडं बोट दाखवून मॅडमना काहीतरी समजावत होते, मॅडम काही न समजता मान हलवत होत्या. आणि त्यांच्या पाठीमागं, उजवीकडं, डावीकडं, नुसती तोंडं चालली होती.

"ए भाड्या, जेवलास का?" एक म्हातारा कामगार पलीकडच्याला विचारत होता.

"तुझ्यागत हावरा हाय व्हय मी, कुत्र्या? शेठ गेल्यावर जेवतो."

"ती पुढची मास्तरीण बघ, कानात बोटं घालून चालालीय."

"तुझं थोबाड बघून डोळ्यात बी घालंल."

दोघंही हसत होते. शेठ त्यांच्यापासून दोन हातांवर होते आणि त्यांच्याकडं बघून प्रेमानं मान हलवत होते. मला इतकं हसू फुटलं की मसीरानं ढोसून खुणेनं विचारलं, काय झालं? मी मान हलवली. सांगणार कसं?

मग कोपरा आला. आई दिसली. पदर नाकातोंडावरून गुंडाळलेला, नुसते डोळे बाहेर. डोळ्यांनी तिनं मला आधीच हेरलं होतं आणि मशीनकडं मान फिरवली होती. बघू नको म्हणाली होती. पण मला कुठलं राहवायला! मी हात वर करून असा हलवला, जशी स्टँडवर एसटीतून उतरणाऱ्या मामाला हलवतात तसा. आईचे डोळे बारीक झाले. पदराखाली ती हसली होती.

तिच्या मशीनशी रावसो जॉबर वाकून उभा होता. जॉबर म्हणजे माग आणि मशीन दुरुस्त करणारा. त्याचं नाव मी घरी टीव्हीच्या आवाजाखाली खूपदा वाचलं होतं. मशीन बंद पडलं की कांड्या थांबतात, कांड्या थांबल्या की मजुरी थांबते, आणि ते चालू कधी करायचं हे शेठ ठरवत नाहीत, रावसो ठरवतो. म्हणून त्याच्याशी कुणी वाकडं घेत नसे. बायका तर मुळीच नाही.

रावसोनं माझा हललेला हात बघितला. आईकडं बघितलं. काहीतरी विचारलं. आईनं मान हलवली. मग हातातला पाना माझ्या दिशेनं धरून तो आणखी बोलला. सावकाश, हसत हसत. त्याच्या वरच्या ओठावर मिशी नव्हती, त्यामुळं प्रत्येक अक्षर मला स्वच्छ दिसलं.

माझा वर गेलेला हात खाली आला.

आई काय उत्तर देतेय ते मला कळेना, तोंडावर पदर होता. तिनं मशीन सोडलं होतं आणि ती रावसोच्या एकदम समोर उभी होती. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. पदर आत-बाहेर होत होता.

तेवढ्यात, लाइट जायच्या आधी पडतात तशा, ट्यूबलाइट पिवळ्या पडल्या.

शेडमध्ये नवीन माणूस आलं की त्याला पहिला धडा मागाचा देत नाहीत, हा देतात: लाइट गेली की आधी तोंड मिटायचं, मग मागाकडं बघायचं. आईनंच मला हसत हसत सांगितलं होतं. कारण आवाजाखाली माणूस कायकाय बोलत असतो, आणि माग थांबतात ते एकदम. ट्यूब पिवळी पडली तशी शेडभर सगळी तोंडं मिटताना मला दिसली. म्हाताऱ्याचं, पलीकडच्याचं, रावसोचं. एकच पदर हलत राहिला.

माग थांबले.

"...जीभ हासडून हातात दीन तुझ्या, भडव्या! तुझ्या आयला—"

आईचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पत्र्याला आपटून तो परत आला. शेवटचा शब्द तिनं गिळला, पण जेवढं बाहेर पडलं तेवढं पुरे होतं. तिच्या हातातली कांडी सुटून फरशीवर घरंगळत गेली.

आमच्या वर्गातला एक दीडशहाणा मागून ओरडला, "शेठ, आइस्क्रीम!"

सगळा वर्ग फुटला. हसून हसून पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मॅडम "चला, चला, रांगेत, बाहेर" करत हात उडवू लागल्या. सुकुमारशेठ तांबडेलाल झाले होते.

"छायाबाई," ते म्हणाले. आवाज तसाच मऊ. "इकडं या."

रावसोनं पाना खाली ठेवला आणि हात जोडले. "मी काय बोललो व्हय शेठ? मशीनचं विचारत होतो. कुणालाबी विचारा. काय रे, कुणी ऐकलं काय मी बोललेलं?"

कुणी ऐकलं नव्हतं. बघितलं मात्र सगळ्यांनी होतं. म्हातारा कामगार मागाच्या दोऱ्यात तोंड खुपसून उभा होता.

"छायाबाई, का बोललात?"

"चुकलं शेठ."

"काय झालं होतं?"

"काय न्हाई. चुकलं."

"पुरुष माणसाच्या तोंडून गेलं असतं तर एकवेळ मी कानामागं टाकलं असतं. तुम्ही बाईमाणूस. शाळेची लेकरं समोर. मी आत्ता त्यांना काय सांगून आणलं होतं?" शेठनी बोर्डाच्या दिशेनं हात केला. "मी जे ऐकलं त्यावरच बोलणार. उद्या सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर रावसोची माफी मागा. नाही मागायची, तर येऊ नका."

मी रांगेतून बाहेर आले. मॅडमनी खांदा धरला तो झटकला. "ती माझी आई हाय," मी म्हटलं, शेठना ऐकू जाईल असं, वर्गालाही. हसणं थांबलं. "आणि तो जॉबर—"

आईनं तोंडावरचा पदर खाली ओढला. सवयीनं तिचे ओठ हलले, आवाज न करता.

"गप. जा."

तिला वाटलं मला नुसता तिचा चेहरा दिसतोय. पण मी ते वाचलं, आणि मी गप्प बसले. आई एरवी मला 'गप' म्हणते तेव्हा मी दुप्पट बोलते. त्या वेळी तिचे डोळे असे होते की माझी जीभ जागच्या जागी बसली.

परतताना रांग नव्हतीच. मॅडम माझ्या शेजारून चालत होत्या. "तेजल, मला माहीत नव्हतं गं, तुझी आई..." मग म्हणाल्या, "अशा ठिकाणी काम करावं लागतं ना, मग तोंडात बसतंच ते. तू मात्र चांगली बोलतेस." मला त्यांचा सकाळचा चिमटा बरा वाटला.

कस्तुरीनं माझं दप्तर घेतलं. मसीराला मात्र राहवेना.

"काय आवाज काढला गं तुझ्या आईनं! माझी अम्मी असती तर रडत घरी आली असती."

मसीरानं माझी वेणी ओढली.

"त्यो काय बोलला असंल गं?"

"मला ठाऊक हाय."

"तुला? कसं?"

"दिसलं. मला ओठ वाचता येतात."

मसीरा थांबलीच. "मग सांग की!"

मी तोंड उघडलं. आणि ते मिटलं. परत उघडलं. गेल्या महिन्यात याच तोंडानं मी तीन परीक्षकांसमोर न अडखळता भाषण ठोकलं होतं. आता एक छोटं वाक्य, ते पण दुसऱ्याचं, माझ्या घशातून वर येईना.

"एवढं घाण?" कस्तुरीनं विचारलं.

मी चालायला लागले.

दुपारचे तास कसे गेले सांगता येत नाही. बाकावर बसवत नव्हतं. पाणी प्यायला गेले, परत आले, परत गेले. इतिहासाच्या सरांनी विचारलं, "मुसळे, तुझ्या बाकाला मुंग्या लागल्यात काय?" मागून कुणीतरी पुटपुटलं, "आइस्क्रीम." मी वळून त्याच्याकडं बघितलं आणि त्याला जो शब्द म्हणावासा वाटला तो आईचाच होता. तोही आला नाही. हेच मला सगळ्यात जास्त छळत होतं. मैदानावर पोरं उठता-बसता एकमेकांना शिव्या देतात, म्हातारा जेवणाचं विचारताना देतो, रावसो हसत देतो. आणि आम्ही बायका? तोंडातून असा शब्द निघाला तर आम्ही वाईट, आणि तोंडात ठेवला तर तो आतल्या आत फिरत राहतो, वहाणेतल्या खड्यासारखा.

घरी आले तर आई घरात. दिवसा आई घरात असणं हे आमच्याकडं तापाशिवाय घडत नसे. तिनं फळीवरची सगळी भांडी खाली काढली होती आणि ती घासत होती. स्वच्छ भांडी.

"भाकरी झाकून ठेवलीया. खा."

"भूक न्हाई."

"तेजल, आज ऐकलंस ते विसरायचं. असलं तोंडात आणायचं न्हाई."

"तू आणलंस की."

"मी आणलं आणि काय झालं बघितलंस."

"तो काय म्हणालता?"

तिचा हात थांबला नाही. "मशीनचं विचारत होता."

"आई!"

"मशीनचं म्हणालो न्हवं?"

दारातून शेजारच्या काकूंनी डोकं आत घातलं. "छाया, खरं व्हय गं? शेठच्या तोंडावर शिवी घातलीस म्हणं?"

"शेठला न्हाई ओ काकू."

"मग मास्तरणीला? तसंबी कोण म्हणत होतं."

आईला हसू आलं, तेवढंच दिवसातलं. काकू गेल्यावर तिनं पातेलं परत घासायला घेतलं. मी आत-बाहेर करत राहिले. आरशासमोर उभी राहून रावसोचं वाक्य नुसतं ओठांनी म्हणून बघितलं. आवाज नसला तर जमत होतं. आरशातली मुलगी ते मला म्हणत होती, आणि मला तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

संध्याकाळी पप्पा आले. सायकल लावायच्या आवाजावरूनच कळलं, बातमी त्यांच्या आधी पोचली होती.

"आयला, सगळी गल्ली हसालीय मला!" ते चप्पल काढता काढता म्हणाले. "चहाच्या गाड्यावर एकजण म्हणतोय, मुसळे, वहिनींना आमच्या शेडमधी पाठवा, आमचा जॉबर पण लई माजलाय."

"पप्पा, तुम्ही कामावर शिव्या देता?" मी विचारलं.

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"आमच्यात ते रामराम घातल्यागत असतंय. मनाला लावून घ्यायचं नसतंय. आणि तू मधी बोलू नको." ते आईकडं वळले. "एवढ्या वर्षांत कधी आवाज न्हाई तुझा. आजच काय झालं? शाळा आलीय, पोरगी आलीय, त्याच दिवशी?"

"झालं."

"झालं काय? उद्या त्या रावसोपुढं हात जोडणार तू?"

"जोडतो की. हात काय झिजत्यात?"

पप्पांनी तिच्याकडं नीट बघितलं. मग उठले, टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. बातम्यांमधली बाई घरभर ओरडू लागली.

मी कोपऱ्यात भूगोलाची वही उघडून बसले. वहीच्या कडेवरून मला दोघांचीही तोंडं दिसत होती.

"खरं सांग. हात लावला का त्यानं?" पप्पांचे ओठ म्हणाले.

"न्हाई."

"मग?"

"माझ्यावर बोलतो ते रोजचंच हाय. ते मी ऐकून न ऐकल्यागत करतो. आज पोरीवर बोलला."

पप्पांचा चेहरा बदलला. "आपल्या?"

आईनं होकाराची मान हलवली.

"काय बोलला?"

"त्यो शब्द माझ्या तोंडातनं न्हाई निघायचा. पोरीच्या नावाला जोडून तर न्हाईच."

"टाळकं फोडतो त्याचं. आत्ता जातो." पप्पा अर्धवट उठले. आईनं त्यांचं मनगट धरून खाली बसवलं.

"आणि मग? तुम्ही आत जाणार. आणि गावभर विचारतील, कशावरनं मारलं? मुसळ्याच्या पोरीवरनं. पुढं तिला गल्लीतनं चालू देतील का कोण? म्हणून तर शेठला सांगितलं न्हाई. शेठ विचारणार, काय बोलला ते सांग. तीस माणसं उभी, पोरीची शाळा उभी. मी सांगू तिथं?"

"मग त्यानं बोलायचं आणि तू माफी मागायची?"

"माझ्या माफीनं पोरीचं नाव बाहेर येत न्हाई. स्वस्तात पडलं."

बातम्यांमधली बाई आता हवामान सांगत होती. पप्पांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग त्यांचे ओठ म्हणाले, "हिला काय कळलंय का?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"न्हाई," आई म्हणाली. "हिला काय कळतंय? ऐकूच कुठं आलं कुणाला."

मी आता दहावीत आहे. आणि अजून मला कुणी विचारलं की तू एवढी धीट कधी झालीस, तर लोकांना वाटतं मी वक्तृत्वाचं बक्षीस सांगेन. मी ही संध्याकाळ सांगते. मी वही मिटली.

मी उभी राहिले. आधी आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले, जसे ते हलवतात तसे, सावकाश, एकेक अक्षर दिसेल असे.

"मला सगळं कळलंय. आत्ताचं पण. दुसरीपासनं कळतंय."

आईचा हात तोंडावर गेला. पप्पांनी एकदा माझ्याकडं, एकदा टीव्हीकडं बघितलं, जणू टीव्हीनंच दगा दिला होता.

"सायकलीचं पण?" त्यांच्या तोंडून निघालं, आवाजासकट.

"सायकलीचं पण."

मी पुढं झाले आणि टीव्ही बंद केला. घर एकदम गप्प झालं. शेजारच्या काकूंच्या घरातला कुकर ऐकू येत होता, म्हणजे माझा आवाजही तिकडं जाणार होता. जाऊ दे म्हटलं.

"त्यानं आधी विचारलं, ही तुझीच न्हवं? मग पाना माझ्याकडं दाखवून म्हणाला, हिला पण कांडीवर पाठीव. ही रांड आईपेक्षा कामाची दिसतीया."

आलं. घशात अडकलं नाही, काही नाही. आई "तेजल!" म्हणून उठली, पण पुढं आली नाही. पप्पा भिंतीकडं बघत होते. त्यांच्या जबड्याचं हाड वर-खाली होत होतं.

"मी म्हणालो तर मी तशी झालो काय?" मी विचारलं. "मला तर काय झालेलं न्हाई. तुम्हीच बघा."

"बाळ, घरात वेगळं," आई म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "तिथं सगळी माणसं असणार. शेठ. त्यो रावसो. तू लहान हायस. तुझं नाव..."

"माझं नाव त्यानं घेतलंय आई, मी न्हाई. आणि तिथल्या सगळ्यांनी ते बघितलंय. ऐकलं न्हाई एवढंच."

पप्पांनी भिंतीवरून नजर काढली आणि माझ्याकडं बघितलं. नाही म्हणाले नाहीत. हो पण नाही.

मला बसवत नव्हतं, म्हणून उभ्या उभ्याच सांगितलं. वक्तृत्वाच्या आवाजात नाही, माझ्या.

"उद्या सकाळी मी शाळेला जाणार न्हाई. आईबरोबर शेडमध्ये जाणार. पाळी सुरू व्हायच्या आधी, माग बंद असताना. शेठनी विचारलं, का बोललीस, की आई गप बसंल, आणि मी सांगणार. जसंच्या तसं, शब्दासकट, रावसोकडं बघून. सगळ्यांना ऐकू जाईल असं. पप्पा, तुम्ही यायचं तर या, पण हात खिशात ठेवून. आणि माझं सांगून झालं की मग माफी मागायची का न्हाई, ते आई ठरवंल."